आदेशाची यंत्रणा, कायद्याविना : १८८७ ते आज

१/ भारतातील सर्वांत जुनी गुप्तवार्ता यंत्रणा, इंटेलिजन्स ब्युरो, कोणत्या कायद्याने स्थापन झाली? कोणत्याच नाही.

२/ १८८७ साली लंडनच्या भारतमंत्र्यांच्या आदेशाने ‘सेंट्रल स्पेशल ब्रँच’ उभी राहिली. राजकीय हालचालींच्या खबरा सरकारला पुरवणे, हे तिचे काम. १९२० पासून तिला आजचे नाव मिळाले. साम्राज्याला प्रजेची संमती नको होती. त्यामुळे आदेश पुरेसा होता.

३/ १९४७ मध्ये प्रजेचे नागरिक झाले. तरीही आयबीचे अधिकार, मर्यादा आणि उत्तरदायित्व ठरवणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही.

४/ याचे परिणाम काल्पनिक नाहीत. १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या पुतण्यांवर स्वतंत्र भारतात पाळत होती. त्यांची पत्रे वाचली जात. देशाला हे कळले २०१५ मध्ये.

५/ आणीबाणीनंतर शहा आयोगाने या यंत्रणेच्या राजकीय गैरवापराकडे लक्ष वेधले. सरकारे बदलली, कायदा आला नाही.

६/ एक कायदा मात्र तत्परतेने झाला. १९८५ च्या कायद्याने गुप्तवार्ता कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्यावर व वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध घातले. यंत्रणेचे तोंड बांधले, हात मोकळेच ठेवले!

७/ ‘दहशतवादाशी लढताना गुप्तता हवी’, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. खबऱ्याचे नाव गुप्त राहिलेच पाहिजे. पण पाळतीची परवानगी कोण देतो आणि त्याला जाब कोण विचारतो, हे गुप्त ठेवल्याने एकही दहशतवादी पकडला जात नाही.

८/ २६/११ नंतर महिन्याभरात संसदेने ‘एनआयए’चा कायदा केला. म्हणजे इच्छा असली की कायदा होतो. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तवार्ता यंत्रणांच्या नियमनासाठी मांडलेले खासगी विधेयक मात्र तसेच विरून गेले.

९/ आणि ब्रिटन? १९०९ पासून कायद्याविना चाललेल्या आपल्या ‘एमआय५’ला त्याने १९८९ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणले, १९९४ मध्ये संसद सदस्यांची देखरेख समितीही नेमली. ती देखरेख निर्दोष नाही; पण प्रश्न विचारायला दार तरी आहे.

१०/ ज्यांनी आदेश काढला, त्यांनी स्वतःच्या घरी ती रीत मोडली. ज्यांच्यावर तो लादला गेला, त्यांनी ती वारसा म्हणून जपली. हा वारसा नाकारण्याचा अधिकार १९४७ पासून भारतीय संसदेकडे आहे.