डोलकाठीवरचा प्रत्येक दिवा ‘मास्टहेड’ नसतो

मंडळी, 1 ऑगस्टला ट्रॉलर पुन्हा दर्यात जातील. मालीम काय, कुटबण काय, इंजिन आणि जाळी सगळे बघतात. दिव्यांच्या वायरी मात्र आदल्या रात्री जोडायच्या, ही आपली जुनी खोड. म्हणून आजच लिहितो.

डोलकाठीवर काहीही पेटलं की आपण त्याला ‘मास्टलाइट’ म्हणतो. डेकवरचा फोकस मास्टलाइट, लुकलुकणारी निळी-जांभळी पट्टीही मास्टलाइट! समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र ‘मास्टहेड लाइट’ म्हणजे एकच दिवा: बोटीच्या मधल्या रेषेवरचा पांढरा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी 225 अंशांत दिसणारा. उरलेले 135 अंश मागच्या दिव्याचे.

तो मागून दिसायचा नाही, यातच सगळी मेख आहे. मुरगावकडे येणाऱ्या जहाजावरच्या माणसाला रात्री आपली बोट दिसत नाही, दिवे दिसतात. पांढऱ्यासोबत लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर बोट समोरून येतेय, हे त्याला कळतं. चौफेर बल्ब टांगला की त्याचा अंदाज चुकतो. (12 मीटरपेक्षा लहान होडीला मास्टहेड आणि मागचा यांच्याऐवजी एकच चौफेर पांढरा चालतो. मोठ्या ट्रॉलरने ती सवलत घेऊ नये.)

जाळं ओढताना वर हिरवा, खाली पांढरा, दोन्ही चौफेर. गिलनेट, पर्सिनवाल्यांना वर लाल, खाली पांढरा. हे दिसले की इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने आपल्याला वाट द्यायची असते. पण जाळं वर घेऊन जेटीकडे निघालो की हे दिवे बंद करून मास्टहेड लावायचा. आपण काय करतो? एक बटण दाबायचा कंटाळा, म्हणून हिरवा-पांढरा रात्रभर चालू. माझ्या मते हे खोटं बोलणंच झालं. उद्या खरंच जाळं पाण्यात असेल तेव्हा आपल्या दिव्यावर कोण विश्वास ठेवील?

लुकलुकत्या पट्ट्यांबद्दल तरुण तांडेलांना राग येईल, येऊ दे. त्यांच्या झगमगाटात बाजूचा लाल-हिरवा बुडतो, आणि असे दिवे लावायला नियमांतही मनाई आहे. डेकचा फोकस हवाच, अंधारात मासळी निवडणार कशी? फक्त त्याचं तोंड खाली डेककडे वळवा, आणि त्याचं बटण मास्टहेडच्या बटणापासून वेगळं ठेवायला वायरमनला आत्ताच सांगा.