स्टेशनच्या पाटीत लपलेले शब्द

दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यमात छान गुण मिळवलेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत म्हणू लागते, "अम्मी, मला कॉमर्सला घाला." विषय तिला कळत नाही असं नसतं. ग्रहण कसं लागतं हे ती मराठीत घडाघडा सांगेल. अडतं ते इंग्रजी शब्दांपाशी. मग घरातलं कुणीतरी वही आणून देतं आणि रोज दहा शब्द पाठ करायला लावतं. आठवड्याने त्यातले दोन उरतात.

त्यापेक्षा शब्दाचे तुकडे ओळखायला शिकवावं. त्यासाठी या महिन्यात वहीचीही गरज नाही. ठाणे ते कल्याण लोकलचा प्रवास आणि स्टेशनांवरच्या इंग्रजी पाट्या पुरेशा आहेत.

मुंब्र्याची पाटी घ्या. एम, यू, एम, बी, आर, ए. पहिला एम बोटाने झाका. उरलं 'अंब्रा'. लॅटिनमध्ये याचा अर्थ सावली. ग्रहणात जी गडद सावली पडते, जिला आपल्या पुस्तकात प्रच्छाया म्हणतात, ती इंग्रजीत अंब्राच. तिच्याभोवतीची फिकट सावली, म्हणजे उपच्छाया, ती 'पेनंब्रा'. यातल्या 'पेन'चा लिहायच्या पेनाशी संबंध नाही. त्याचा अर्थ 'जवळजवळ'. जवळजवळ सावली. हाच तुकडा 'पेनिन्सुला'त आहे: जवळजवळ बेट. मराठीत द्वीपकल्प म्हणतो त्यातला 'कल्प' अगदी हेच काम करतो. एक तुकडा कळला की भूगोलाचा शब्दही फुकटात मिळाला.

अंब्रेला म्हणजे छोटी सावली. आपण ती पावसासाठी काढतो, पण शब्द मुळात उन्हासाठी आहे. 'अंब्रेज' म्हणजे मनावर पडलेली सावली. 'टेक अंब्रेज' म्हणजे राग मानणे, रुसणे. लग्नपत्रिका वेळेवर पोचली नाही की नातेवाईक करतात तेच.

2 ऑगस्ट 2027 रोजी सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी मक्का आणि जेद्दाह ही शहरं अंब्रामध्ये, म्हणजे प्रच्छायेत येतील आणि भरदिवसा काळोख होईल. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास, कारण आपण पेनंब्रात असू. पावसाळी ढगांनी मेहरबानी केली तर मुलांना चष्म्यातून दाखवा, साध्या डोळ्यांनी नको. तोवर हे दोन शब्द त्यांना पाठ करावे लागणार नाहीत.

दिव्याला फार थांबायला नको. डी, आय, व्ही, ए. याचा उच्चार इंग्रजीत 'डीव्हा', अर्थ मोठी गायिका, आणि अलीकडे नखरेल बाई असाही. पुढे एन जोडला की 'दिवान', तो मूळचा फारसी. आपला दिवाणखाना, शायराचा दिवान आणि फर्निचरवाल्याकडचा दिवाण, तिघेही एकाच घरातले.

डोंबिवलीची पहिली तीन अक्षरं डी, ओ, एम मात्र फार कामाची. ती शब्दाच्या शेवटी आली तर बहुधा अवस्था किंवा सत्ता दाखवतात: किंग्डम म्हणजे राज्य, फ्रीडम स्वातंत्र्य, विज्डम शहाणपण, मार्टरडम शहादत. हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतल्या 'डोम' या शब्दाचा. त्याचा अर्थ न्याय, फैसला. त्यातूनच 'डूम' आला. आज डूम म्हटलं की सर्वनाश आठवतो, पण डूम्सडेचा मूळ अर्थ फैसल्याचा दिवस, आपण ज्याला यौमुद्दीन म्हणतो तोच.

हीच तीन अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली तर गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याचदा लॅटिन 'डोमुस' असतं, म्हणजे घर. डोमेस्टिक म्हणजे घरगुती. प्रवेशाच्या वेळी सेतू कार्यालयाच्या रांगेत उभं राहून काढतो ते डोमिसाइल म्हणजे तुमचं घर कुठे आहे याचा दाखला. मशिदीचा घुमट, 'डोम', हाही याच घरातून निघालेला. आणि 'रँडम'? शेवटी तीच अक्षरं, पण नातं कुणाशीच नाही. आडनाव सारखं म्हणून सगळे भाऊबंद नसतात.

ठाणे हे तर याचं मोठं उदाहरण. टी, एच, ए, एन, ई ही पाचही अक्षरं सलग मिथेनमध्ये आहेत, इथेनमध्ये आहेत, गादीच्या फोमच्या पॉलियुरेथेनमध्येही. स्वयंपाकघरात पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेनच. पण ठाणे शब्द 'स्थानक'वरून आला. शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक आहे आणि अल-बिरूनीने कोकणची राजधानी म्हणून 'ताना' लिहिलं आहे. मिथेनमध्ये अर्थाचा तुकडा फक्त शेवटचा 'एन', जो प्रोपेन, ब्युटेनमध्येही दिसतो. इंग्रजीत 'थेन' नावाचा स्वतंत्र शब्दही आहे, जुना स्कॉटिश सरदार. शेक्सपिअरचा मॅकबेथ असाच एक थेन. तेव्हा अक्षरं जुळली की शब्द लक्षात ठेवायला मदत होते, अर्थ मात्र डिक्शनरीतच बघायचा. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

कल्याणचे के, ए, एल 'अल्कली'च्या पोटात आहेत. अरबीत 'अल-कली' म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झाडाची राख. पोटॅशियमची संज्ञा पी न होता के का, असं मुलं विचारतात. कारण त्याचं लॅटिन नाव कॅलियम, आणि ते याच अरबी कलीवरून घडवलेलं. पोटॅशियम हे नावही 'पॉट-अ‍ॅश'चं, भांड्यातली राख. दोन्ही नावं शेवटी राखेचीच. तेव्हा आवर्त सारणीतला के बघून बिचकायचं कारण नाही, तो आपल्या ओळखीचा आहे.

पुढे टिटवाळ्याकडे जाणाऱ्यांना आंबिवली लागते. ए, एम, बी, आय म्हणजे दोन्हीकडे: अ‍ॅम्बिग्युअस म्हणजे दुहेरी अर्थाचा, अ‍ॅम्बिव्हॅलंट म्हणजे मन दोन्हीकडे ओढलं जाणारा. अ‍ॅम्बिशनचं मूळ मात्र 'भोवती फिरणे'. जुन्या रोममध्ये उमेदवार मतांसाठी गल्लोगल्ली फिरत, त्यावरून महत्त्वाकांक्षा. महापालिकेची निवडणूक पाहिलेल्यांना हा शब्द समजावावा लागणार नाही.

कोपर आम्ही मुद्दाम सोडलं. त्या पाटीतली मधली तीन अक्षरं ओ, पी, ए. त्यांनी सुरू होणारा एक शब्द शोधा, जो काच आणि भिंत यांतला फरक सांगतो. उत्तर पुढच्या अंकात.