बिडी सोडायला दवाखान्यात कोण जाते?

मंडळी, खोकला बळावला की आपण आरोग्य केंद्रात जातो, औषधाची बाटली घेतो आणि फाटकाबाहेर येताच बिडी पेटवतो. डॉक्टर सांगतात, "जिल्ह्याच्या दवाखान्यात तंबाखूमुक्ती केंद्र आहे, तिथे जा." आपण "होय साहेब" म्हणतो. जातो मात्र एखादाच. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी ही कारणे खरीच. पण मनात दुसरीही धास्ती असते. गेलो आणि सुटली नाही, तर चार लोकांत हसे होईल!

इंग्लंडात अशी केंद्रे फुकट आहेत, तरी ओढणारे तिकडेही फिरकत नाहीत. म्हणून तिथे चार हजारांवर लोकांवर एक प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. काहींना साधे छापील पत्र गेले, की केंद्र आहे, या. बाकीच्यांना त्यांच्याच डॉक्टरांकडून नावाचे पत्र गेले. तुमची प्रकृती अशी, तुम्ही ओढता इतक्या, चालू ठेवलेत तर धोका एवढा. शिवाय निमंत्रण असे, की एकदा नुसते येऊन बघा. छापील पत्रावर शंभरात ९ जण गेले, नावाच्या पत्रावर १७. सतरा म्हणजे काही फार नव्हेत, पण जवळजवळ दुप्पट! सहा महिन्यांनी सोडलेलेही याच गटात जास्त निघाले.

आपल्याकडे असे पत्र कोण धाडणार? आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतात, त्यात बिडी-तंबाखूचा प्रश्न असतोच. तेव्हा त्यांनीच दोन शब्द बोलावेत. आणि सूनबाई, तुम्हीही. "बिडी सोडा, बिडी सोडा" हा पाढा मामंजींना पाठ झाला आहे. त्याऐवजी म्हणा, "मामंजी, मळ्यापर्यंत जाताना हल्ली दोनदा बसता. जिल्ह्याला जाल तेव्हा त्या केंद्रात फक्त बोलून या."

तिथे कोणी रागावत नाही. उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने लागते, दिवसाला किती होतात, हे विचारतात. सोडण्याचा दिवस तुम्हीच ठरवायचा. गरज वाटल्यास निकोटिनची गोळी चघळायला देतात. पहिले काही दिवस तलफ फार छळते, पुढे ओसरत जाते.

जाणे जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करता येतो. आणि जाणार असाल, तर खोकल्याचे जुने कागद पिशवीत टाकायला विसरू नका.