चार काठ्या, दोन हात

परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय बावन्न. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून परत आल्या. तिथं थोरली नात शाळेत मरिंबा शिकते, दोन हातांत चार काठ्या धरून. "मीही हात लावून पाहिला आणि मन तिथंच अडकलं," त्या लिहितात. "घरी बोलले तर हे म्हणाले, या वयात लाकडं बडवून काय मिळणार? मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. हा वेडेपणा आहे का?"

नाही हो ताई. आणि असलाच तर कुणाचं काय बिघडलं?

मरिंबा म्हणजे आपल्या काष्ठतरंगाची मोठी बहीण. शिसवीच्या जातीच्या लाकडाच्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीखाली आवाज घुमवायला नळी. वाद्याचं मूळ आफ्रिकेत, पण जीव जडला मध्य अमेरिकेत. ग्वाटेमाला देशानं तर १९७८ साली त्याला राष्ट्रीय वाद्यच ठरवलं. आपल्याकडे संतूर, जलतरंग दोन काठ्यांवर भागतात, कारण आपला राग एकेका सुरानं पुढं जातो. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार सूर एकदम लागतात, म्हणून तिथं चार काठ्या.

धरायच्या कशा? जुनी रीत म्हणजे दोन्ही काठ्या तळहातात एकमेकींवर आडव्या. दुसरी रीत ली हॉवर्ड स्टीव्हन्स यांची. त्यांचं पुस्तक १९७९ सालचं. आतली काठी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, तिचं टोक तळहातात टेकलेलं. बाहेरची मधलं बोट आणि अनामिका यांच्या फटीतून घ्यायची आणि अनामिका-करंगळीनं धरायची. मेख इथंच आहे. करंगळीला आपण जन्मभर कामाला लावलेलं नसतं! आठवडाभर काठ्या गळून पडतील. पडू द्या.

वाद्य नसलं तरी हात तयार होतो. सुताराकडून पेन्सिलीच्या जाडीच्या, हातभर लांब चार गोल काठ्या करून घ्या. टोकाला रबरी चेंडू बसवून वर लोकर गुंडाळा. खऱ्या काठ्यांवरही लोकर किंवा सूतच असतं, आणि ती गुंडाळायला आपल्याला कुणी शिकवायला नको. टेबलावर सतरंजीची घडी ठेवून आधी एका हातातल्या दोन्ही काठ्या एकदम टेकवा. ते जमलं की एक काठी स्थिर ठेवून दुसरीच हलवा. कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरलं पाहिजे, खांदा नव्हे. रोज पंधरा मिनिटं पुरे. बोटांच्या बेचक्यात फोड आला तर दोन दिवस सुट्टी. मनगटात कळ आली तर मात्र हट्ट करू नका.

पण नुसत्या सतरंजीवर जीव किती रमणार? सूर ऐकायचा असेल तर माझं ऐका, जलतरंग मांडा. पुण्याचे मिलिंद तुळणकर हे वाद्य आजोबा पं. शंकर कान्हेरे यांच्याकडून शिकले आणि देशोदेशी वाजवतात. चिनी मातीच्या लहानमोठ्या वाट्या अर्धवर्तुळात मांडा, मोठी डावीकडे. पाणी वाढवलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. काठी हलकी हवी आणि काठावर अलगद. (मी पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या सेटमधली वाटी फोडली. तुम्ही बाजारातून सुट्या आणा.) परभणीच्या उन्हाळ्यात पंख्याखाली वाटीतलं पाणी बघता बघता उडतं आणि सूर चढतो, तेव्हा वाजवण्याआधी पाणी पुन्हा लावून घ्या. पाणीटंचाई असली तर अपराधी वाटून घेऊ नका, वाजवून झालं की तेच पाणी तुळशीला.

आता राहिले घरचे. त्यांची परवानगी मागू नका, वेळ सांगा. "दुपारी अडीच ते पावणेतीन मी कामात आहे," एवढंच. कसलं काम, असं विचारलं तर पाण्यानं भरलेली एक वाटी त्यांच्यापुढं ठेवा आणि काठी हातात द्या. बहुतेक पुरुषांना दुसरी वाटी मागितल्याशिवाय राहवत नाही.

दोन काठ्यांनी सा ते वरचा सा न अडखळता आला की मगच तिसरी घ्या. आणि सा कुठल्या वाटीत लागला ते मला जरूर कळवा.