मान कोणाचा मोठा?

भीमाशंकरच्या अरण्यातील शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे 20 फुटांची झेप! तो भुईवर क्वचितच उतरतो. त्याला हा मान शोभतो.

परंतु खोडाळ्यातील माझ्या घराच्या वाशात बिऱ्हाड करणाऱ्या काळ्या भुंग्याला कोणता मान? तो दिसताच मुले फडके घेऊन धावतात. वाशाला भोक पडते, हे खरे. पण भुंग्याची मादी त्या बिळात परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते. आणि परागासाठी हिंडताना तुरीच्या परागीभवनास हातभार लावते. आपल्या ताटातील वरणात तिचाही वाटा आहे!

शेकरूला परस्परांस भिडलेली हिरवी झाडे हवीत, तर भुंग्याला वठलेले खोड किंवा वाळलेला बांबू. रानात दोन्ही असावीत. म्हणून मला वाटते, मान केवळ रूपावरून ठरवू नये. मुलांनो, वाळलेले लाकूड जाळण्यापूर्वी त्यातील भोक निरखून पाहा. तेथे कोणाचा तरी संसार असेल.