विद्वान, पण अतिथी

पावसाळा स्थिरावला की महाविद्यालयांचे सूचनाफलक नव्या परिपत्रकांनी भरू लागतात. सत्र अमुक दिवशी सुरू होईल, प्रवेश अमुक तारखेपर्यंत पूर्ण व्हावेत, वेळापत्रक आठवड्याच्या आत लागावे, अंतर्गत परीक्षा अमुक दिवशी घ्याव्यात, प्राध्यापकांनी आपला कार्यभार विभागप्रमुखांस कळवावा, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी हजेरी वेळेवर नोंदवावी, अशा सूचनांची ती मालिका असते. विद्यापीठांच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत आता एकही दिवस मोकळा सोडलेला आढळत नाही. शिस्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु या साऱ्या तारखांच्या गर्दीत एक तारीख बहुधा सापडत नाही. ज्याने वर्गात उभे राहून प्रत्यक्ष शिकवावयाचे, त्याची नेमणूक केव्हा होणार आणि ती केव्हापर्यंत टिकणार, हे दिनदर्शिका सांगत नाही.

या विसंगतीची जाणीव आम्हांस तीव्रतेने झाली ती आपल्या किनाऱ्यापासून दूर, भोपाळमध्ये. तेथील अरेरा कॉलनीत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाकडे आमचे जाणे झाले होते. जवळच बिट्टन मार्केट आहे. ठरलेल्या वारी तेथे भाजीचा मोठा हाट भरतो. पावसाची भुरभुर चालू होती, ताडपत्र्यांखाली भाज्यांचे ढीग मांडले होते आणि कोळशावर भुट्टे भाजले जात होते. बाजाराच्या कडेला छायाप्रती काढून देणाऱ्या एका दुकानात पावसाचा आडोसा घेतला असता, प्रमाणपत्रांचा जाडजूड गठ्ठा घेऊन उभे असलेल्या एका गृहस्थांशी आमचा परिचय झाला. ते पीएच.डी. झालेले, ‘नेट’ उत्तीर्ण आणि दहा वर्षांहून अधिक काळ शासकीय महाविद्यालयांत शिकवीत आलेले अध्यापक होते. सत्र सुरू होऊन काही दिवस लोटले होते; मात्र ते स्वतः ‘फॉलन आउट’ झाले होते.

हा शब्दप्रयोग त्यांचा एकट्याचा नव्हे. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांत रिक्त पदांवर जे अध्यापक तात्पुरते बोलावले जातात, त्यांना ‘अतिथी विद्वान’ असे भारदस्त नाव आहे. त्या पदावर नियमित अध्यापक रुजू झाला, अथवा दुसरीकडून कोणाची बदली होऊन आली, की अतिथी विद्वानाची जागा संपते. अशा माणसाला तेथे ‘फॉलन आउट’ म्हणतात. मग त्याने उच्च शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या रिक्त जागांचे पसंतीक्रम भरावयाचे, कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावयाची आणि गुणानुक्रमाने कोणते गाव वाट्याला येते त्याची वाट पाहावयाची. ते गाव शंभर-दोनशे कोसांवरचेही असू शकते. मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, घरभाडे या गोष्टींना त्या पसंतीक्रमात रकाना नसतो.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती मोठी बोलकी आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. अकस्मात दाराशी आलेल्या पांथस्थासाठी पूर्वजांनी हा शब्द योजिला आणि त्याला देवाचा मान दिला. तो एक रात्र राहून पुढे जाई. म्हणूनच त्याला तिथीची गरज नव्हती. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तेच विषय शिकविणारा, उत्तरपत्रिका तपासणारा, निवडणुकीच्या वा प्रवेशाच्या कामांस जुंपला जाणारा माणूस अतिथी कसा म्हणावा? त्याच्याकडून यजमानाची सारी कामे घ्यावयाची आणि हक्काचा विषय निघाला म्हणजे तेवढे पाहुणा म्हणून संबोधावयाचे, हा शब्दाचा सन्मान नसून शब्दाआड लपणे आहे. बिट्टन मार्केटात बसणाऱ्या भाजीवालीला आपला वार ठाऊक असतो. पुढच्या सत्रात आपण कोठे असू, हे त्या विद्वान गृहस्थांना ठाऊक नव्हते.

भोपाळने हा प्रश्न यापूर्वीही पाहिला आहे. २०१९ च्या डिसेंबरात ऐन थंडीत शेकडो अतिथी विद्वान तेथील शाहजहानी पार्कमध्ये ठाण मांडून बसले होते. राज्य लोकसेवा आयोगामार्फत निवडले गेलेले सहायक प्राध्यापक तेव्हा रुजू होऊ लागले होते आणि त्यामुळे अतिथींच्या जागा जात होत्या. येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. निवड होऊनही नेमणूक न मिळाल्यामुळे त्या उमेदवारांनाही आधी पदयात्रा काढावी लागली होती. म्हणजे रीतसर निवडलेल्याला नेमणुकीसाठी रस्त्यावर उतरावे लागले आणि त्याची नेमणूक होताच वर्षानुवर्षे शिकविणाऱ्याला रस्त्यावर यावे लागले. एकाच्या हातातील नेमणूकपत्र दुसऱ्याच्या हाती निरोपाचे पत्र होऊन पडले. दोघेही शिक्षित, दोघेही पात्र. आणि दोघांना एकमेकांसमोर उभे करणारी मात्र भरतीची व्यवस्था. फेब्रुवारी २०२० मध्ये एका अध्यापिकेने त्या धरणेस्थळी आपले केशवपन करून निषेध नोंदविला. पुढे मार्चमध्ये तेथील सरकार गेले, दुसरे आले. प्रश्न मागील पानावरून पुढे चालू राहिला.

२०२३ च्या सप्टेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, अतिथी विद्वानांची महापंचायत भोपाळमध्ये बोलावण्यात आली आणि दिवसावारी मानधनाऐवजी मासिक ५०,००० रुपयांपर्यंत मानधन देण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली. मानधन वाढले याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मूळ दुखणे पैशापुरते नाही. पुढील सत्रात आपण याच वर्गात असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम मनाशी कसा आखणार? ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी कशी करणार? संशोधनासाठी विद्यार्थी कसा घेणार? प्राध्यापकाचे अस्थैर्य हे अखेरीस विद्यार्थ्याच्या पदरात पडते. आईबाप फी भरतात ती पूर्ण वर्षाची. शिकविणारा मात्र तासांच्या हिशेबाने आणलेला असतो.

भोपाळच्या विद्यापीठाचा इतिहास या संदर्भात मननीय आहे. १९७० मध्ये ते भोपाळ विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १९८८ मध्ये त्यास मौलाना बरकतुल्ला यांचे नाव देण्यात आले. १९१५ मध्ये काबूल येथे राजा महेंद्रप्रताप यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानचे जे हंगामी सरकार स्थापन झाले, त्याचे पंतप्रधान हे भोपाळचे मौलाना होते. ते अध्यापकही होते, हे मात्र फारसे कोणी आठवीत नाही. टोकियो येथे ते हिंदुस्थानी भाषा शिकवीत असत आणि ब्रिटिशांच्या दडपणामुळे १९१४ मध्ये त्यांना ती जागा गमवावी लागली. परकी सत्तेने ज्याचे अध्यापकपद हिरावले, त्याच्या नावाने स्वतंत्र भारतात विद्यापीठ उभे राहिले, ही कृतज्ञतेची गोष्ट होय. त्याच मध्य प्रदेशात डॉ. हरिसिंह गौर यांनी १९४६ मध्ये स्वतःची आयुष्यभराची कमाई ओतून सागर विद्यापीठ उभारले. अशा प्रदेशात अध्यापकाने सत्रारंभी छायाप्रतींच्या दुकानात उभे राहावे, हे त्या पूर्वसुकृताला शोभत नाही.

तथापि, हे भोपाळचे गाऱ्हाणे आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात याच माणसाला ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापक’ म्हणतात, आपल्या गोव्यात ‘लेक्चर बेसिस’वरचा म्हणतात, नाव बदलले तरी दशा तीच. मुक्तीपूर्वी गोमंतकीय तरुणाला पदवीसाठी मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड अशी वाट धरावी लागे. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि ती पायपीट संपली. विद्यार्थ्याची पायपीट संपविणाऱ्या या प्रदेशात अध्यापकाची पायपीट सुरू व्हावी काय? सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, दुपारी दुसऱ्या तालुक्यात एक तास आणि मे महिन्यात कोठेच काही नाही, असे जगणाऱ्या तरुण अध्यापकांना आमचे वाचक ओळखत असतील. कित्येकांच्या घरातच असा एखादा मुलगा अथवा सून असेल. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. प्रयोगशाळा-सहायक, ग्रंथालयातील मदतनीस, शिपाई आणि पहारेकरी हे अनेक ठिकाणी कंत्राटदाराकरवी येतात, आणि सत्रारंभीच्या परिपत्रकात त्यांचा उल्लेख केवळ ‘मनुष्यबळ’ म्हणून होतो.

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या प्रश्नाची निकड वाढविली आहे. मध्य प्रदेशाने चार वर्षांच्या पदवीचा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून आणि गोव्याने २०२३-२४ पासून अंगीकारला. विषयांची निवड वाढली, कौशल्यविषय आले, चौथ्या वर्षाला संशोधनाची जोड आली. हे सारे कागदावर आकर्षक आहे. परंतु नव्या विषयाबरोबर नवे मंजूर पद येत नसेल, तर तो विषय कोणा ना कोणा अतिथीच्या खांद्यावर पडणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

विद्यापीठ अनुदान आयोगाची भूमिका येथे तपासून पाहिली पाहिजे. २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा होती. २०१९ च्या जानेवारीत आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी प्रत्येक व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्यास कमाल ५०,००० रुपये असा दर सांगितला. दराच्या बाबतीत राज्यांनी कमाल मर्यादा तेवढी ध्यानात ठेविली आणि संख्येच्या बाबतीत मर्यादाच विसरली. २०२५ च्या जानेवारीत आयोगाने नव्या विनियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यातून ही १० टक्क्यांची मर्यादा वगळण्यात आली. नियम पाळला जात नाही म्हणून नियमच काढून टाकावयाचा, हा न्याय आम्हांस मान्य होण्यासारखा नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. तात्पुरत्या नेमणुका सरसकट कायम केल्या तर गुणवत्तेची रीतसर निवड निरर्थक ठरेल आणि वशिल्याची दारे उघडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये उमादेवी खटल्यात हेच तत्त्व सांगितले. परंतु त्या निकालाचा हेतू मागच्या दाराने भरती होऊ नये हा होता, पुढचे दार कायमचे बंद ठेवावे हा नव्हे. पदे वर्षानुवर्षे जाहिरातीविना रिक्त ठेवावयाची, त्यांवर हंगामी माणसे राबवावयाची आणि तीच माणसे हक्क मागू लागली की उमादेवीचा निकाल पुढे करावयाचा, याला कायद्याचे पालन म्हणता येणार नाही. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात समान कामास समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना अवघ्या ३०,००० रुपयांवर राबविले जात असल्याचे पाहून न्यायालयाने खेद व्यक्त केला, आणि सहायक प्राध्यापकाचे किमान वेतन त्यांना देण्याचा आदेश दिला. समारंभांतून गुरूला परब्रह्म म्हणणारा श्लोक म्हटला जातो, पण त्याच्याशी वागताना तो आचरणात दिसला पाहिजे, अशा आशयाचे खडे बोल त्या वेळी न्यायमूर्तींनी सुनावले. पाच सप्टेंबरच्या भाषणांची तयारी करणाऱ्या सर्वांनी ते ध्यानात ठेवावेत.

तिजोरीवरील भाराचा मुद्दाही पुढे येतो. तो खरा असला तरी अपुरा आहे. इमारत बांधली की तिच्या देखभालीचा खर्च गृहीत धरला जातो. वर्ग उघडला की शिकविणाऱ्याचा खर्च गृहीत धरण्यास मात्र आपण कचरतो. जो वर्ग चालविण्याची ऐपत नाही, तो उघडल्याची घोषणा करणे हीच मुळात विद्यार्थ्यांची फसवणूक नव्हे काय?

आमच्या मते करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने व उच्च शिक्षण संचालनालयाने सत्रारंभीच्या परिपत्रकातच मंजूर पदे किती, भरलेली किती आणि हंगामी किती, हे महाविद्यालयवार जाहीर करावे. रिक्त पदांची जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघावी आणि त्या निवडीत हंगामी अध्यापनाच्या अनुभवास उचित गुण मिळावेत. जोवर नियमित भरती होत नाही तोवर हंगामी अध्यापकाची नेमणूक सत्र सुरू होण्यापूर्वी, किमान पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी व्हावी; सत्राच्या मध्यावर त्याला उठवू नये, आणि सुटीच्या महिन्यांत त्याची चूल थंड राहू नये. स्त्री अध्यापकांना प्रसूतीची रजा मिळावी. कंत्राटदाराकरवी येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर पोहोचते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कुलसचिवांवर असावी. यांपैकी काही गोष्टींना पैसा लागेल; काहींना केवळ इच्छाशक्ती.

भोपाळच्या त्या गृहस्थांचा निरोप घेताना पाऊस थांबला होता. प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ते पडताळणीसाठी निघाले होते. त्या गठ्ठ्यात एका पिढीला शिकविल्याचे दाखले होते. पुढील सोमवारी कोणत्या वर्गात जावयाचे याचा दाखला तेवढा नव्हता. विद्यापीठे सत्राचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस इतक्या काळजीने ठरवितात. त्या दोन दिवसांमध्ये जो उभा राहतो, त्यालाही एक तिथी द्यावी, एवढीच आमची मागणी आहे.