व्रत होमकुंडापुरतेच का?

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत हजारो धोंड हाती वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. त्यापूर्वी कित्येक दिवस ते मद्यमांस वर्ज्य करून सोवळ्याने राहतात. त्यांच्यावर पोलीस नेमावा लागत नाही. देवीचा धाक आणि गावाची लाज पुरेशी असते. मग ज्या समाजाला देवीसाठी पेला दूर सारता येतो, त्याला गाडी हाकताना तो का सारवत नाही?

कायदा नाही म्हणून? मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही ६ ऑगस्ट २०२३ रोजी बाणस्तारी पुलावर एका भरधाव मोटारीने तिघांचे प्राण घेतले आणि चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. उणीव कायद्याची नव्हे, लाजेची आहे.

ती लाज जागवण्याचे काम काही थोडी माणसे करीत आली. स्वातंत्र्यसैनिक व कोंकणी साहित्यिक गुरुनाथ केळेकर यांनी 'मार्ग' ही चळवळ उभारून गोव्याच्या रस्त्यांसाठी उतारवय वेचले. अपघाताने अधू झालेले चंदीगडचे हरमनसिंग सिधू न्यायालयात झगडले. हमरस्त्यालगतची दारूदुकाने हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१६ चा आदेश हे अशा झगड्याचेच फळ. पुढे त्याला सवलतींची ठिगळे लागली, हा भाग निराळा.

आणि आम्ही? मद्यपी चालक पकडला गेला की 'आपलाच मुलगा' म्हणून ठाण्यावर रदबदलीला जाणारे आम्हीच. तपासणीतील बारीकसारीक दोष हुडकणारे काळ्या कोटातलेही आम्हीच. आरोपीचा बचाव हे वकिलाचे कर्तव्य खरे. पण गावाने त्याची पाठराखण करणे हे कोणत्या धर्मशास्त्रात बसते?

कोणी म्हणेल, देवस्थानाने या भानगडीत का पडावे? आम्ही दारूबंदी मागत नाही. घरी बसून कोणी काय प्यावे, हा आमचा प्रश्न नव्हे. पण निखाऱ्यांवर चुकणाऱ्या धोंडाचे स्वतःचेच पाय पोळतात. मद्यपी चालक मात्र निखारे दुसऱ्याच्या पायांखाली पसरतो.

म्हणून महाजनांस आमचे सांगणे एवढेच: जत्रेच्या मांडवात या चळवळींना जागा द्या, रदबदलीला जाणे सोडा. देवीसमोर पाळलेले व्रत घरच्या वाटेवर मोडत असेल, तर ते व्रत कसले?